सासूच्या लुगड्याची चिंधी

टेम्पोचं पुढचं चाक माझ्या जावेच्या पायावर चढलं आणि तिथंच थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाखाली बघितलं आणि परत वर चढला. मला वाटलं, हा आता पळणार. पण त्यानं गाडी मागं घेतली. म्हणजे जे चाक एकदा चढलं होतं तेच दुसऱ्यांदा त्याच पायावरून उतरलं. पोत्यात नारळ फुटावा तसा आवाज आला. जाऊ ओरडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, माझी पाटी बघ. लोक भाजी तुडवतील."

तेव्हा नाशकात गंगापूर रोडला अजून शेतं होती. आमचं वावर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक. पहाटे भाजी उपटायची, जुड्या बांधायच्या, पाटीत रचायच्या आणि रस्त्याच्या कडेला बसून रिक्षाची वाट बघायची. आम्ही दोघी जावा रोज तिथं बसायचो. एका पाटीएवढं अंतर सोडून बसायचो, कारण त्या महिन्यात आमचं बोलणं बंद होतं. ते का, हे पुढं सांगते. ते महत्त्वाचं आहे.

मी थोरली. ती धाकट्या दिराची बायको. दीर विहिरीवर मोटर लावताना शॉक लागून गेला, तेव्हा तिची मुलगी सासरी गेलेली होती. ती एकटी राहिली. मी म्हटलं, माझ्या चुलीवर ये. ती म्हणाली, "नाय. माझी चूल वेगळीच राहील. तुमच्या ताटात मी का जेवू?" तिनं आपले दोन वाफे वेगळे ठेवले, चूल वेगळी ठेवली. आमच्या घरात तिच्याएवढं ताठ माणूस दुसरं नव्हतं.

टेम्पो विटांचा होता. त्या रस्त्यावर बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या, दिवसभर विटा आणि वाळू. समोरून बस आली, त्याला जागा पुरली नाही, तो आमच्या बाजूला खाली उतरला. एवढंच घडलं. कुणाची चूक, हे सांगायला मला तेव्हा कुठल्या कोर्टाची गरज नव्हती.

ड्रायव्हरनंच आम्हाला टेम्पोत घेतलं. जावेचं डोकं माझ्या मांडीवर. तो गाडी चालवताना रडत होता. "मावशी, पाया पडतो. पडली म्हणून सांगा. गाडी माझी नाय, मालकाची हाय. पोलिसात गेलं तर माझं घर बुडेल. औषधपाणी सगळं मी बघतो."

जवळ एक लहान खासगी दवाखाना होता. आता तो नाही. तिथला कंपाउंडर दारातच म्हणाला, "अपघात आहे का? मग इथं नाही. पोलीस केस होते. दुसरीकडं न्या."

जावेच्या साडीतून रक्त गळून फरशीवर आलं होतं. मी म्हटलं, "अपघात नाही. बांधावरून पडली. वरून दगड आला."

हे मी म्हटलं. ड्रायव्हरनं नाही, नवऱ्यानं नाही. नवरा तर अजून आलाही नव्हता. लोक पुढं म्हणाले की बाईमाणूस घाबरलं असेल. मी घाबरले नव्हते. तिला आत घ्यावं एवढंच मला हवं होतं, आणि आत घेण्यासाठी जे शब्द लागत होते ते मी बोलले. कंपाउंडरनं ते कागदावर लिहिले. तो कागद पुढं सात वर्षं आमच्या मानेवर बसला.

दुसरी चूक माझ्या नवऱ्यानं केली. तो सायकलवर आला, रस्त्यावर भाजी विखुरलेली बघितली. त्यानं जुड्या गोळा केल्या, कडेच्या पाटाच्या पाण्यात धुतल्या, पाट्या भरल्या आणि बाजारात नेऊन विकल्या. मग दवाखान्यात आला. कुणाला हे वाईट वाटेल. भाजीवाल्याला वाटणार नाही. मेथी दुपारपर्यंत थांबत नाही. जावेनंही पहिलं तेच विचारलं, "भाजी गेली का?" तो म्हणाला, "गेली. चांगली गेली." ती निवांत झाली.

तिसऱ्या दिवशी पाय काळा पडला. त्या दवाखान्यानं हात वर केले. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पट्टी सोडली, पाय बघितला, माझ्याकडं बघितलं. "काय झालं होतं?"

"बांधावरून पडली."

"मावशी, बांधाला टायर असतात का?"

जाऊ तापात होती, पण डोळे उघडून म्हणाली, "आक्का, आता पुरे कर. खरं सांग."

मी सांगितलं. डॉक्टरनं पोलिसांना कळवलं आणि त्याच दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

पोलीस आले. जिथं अपघात झाला त्या जागेचा पंचनामा केला. तिथं काही सापडलं नाही. कसं सापडणार? भाजी नवऱ्यानं उचललेली, रक्तावरून तीन दिवस गाड्या गेलेल्या. मग त्यांनी टेम्पो शोधून त्याचा पंचनामा केला. ड्रायव्हरनं गाडी धुतली होती. तो म्हणाला, "मी त्या रस्त्यानं गेलोच नाय. बाईला मी ओळखतबी नाय." ज्याच्या शेजारी बसून मी दवाखान्यात गेले, तो हे म्हणाला. त्याचा मला राग नाही. त्याला ज्यानं शिकवलं त्याचा आहे.

जाऊ घरी आली ती कुबड्या घेऊन. वाफ्यात उकिडवं बसता येईना. भाजी उपटायची तर दोन्ही पायांवर बसावं लागतं. तिनं एक पाय पसरून बसून बघितलं, तोल गेला, मेथीतच आडवी झाली. मी उचलायला गेले तर म्हणाली, "हात लावू नको." मग तिथंच पडून तिनं भाजी उपटली. आडवी पडून. मी बांधावर उभी राहून बघत होते. मला कळलं की हे असं फार दिवस चालणार नाही. मग तिची चूल विझेल, आणि ती माझ्या चुलीपाशी येऊन मान खाली घालून जेवेल. ज्या बाईनं कधी मान खाली घातली नव्हती तिला ती घालावी लागेल, आणि तीही माझ्या एका वाक्यामुळं.

म्हणून टेम्पोच्या मालकावर आणि विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. वकील सीबीएस बसस्टँडजवळ एका जिन्याखाली बसायचे. साधा माणूस, खिशाला कायम शाईचा डाग. ते म्हणाले, "मावशी, दावा खरा आहे. पण कोर्टाला खरं दिसत नाही, कागद दिसतो. तुमचा पहिला कागद म्हणतो बांधावरून पडली. तक्रार तीन दिवसांनी. जागेवर काही नाही. विमा कंपनी म्हणणार, पायाला काय झालं ते झालं, नंतर कुणीतरी टेम्पो शोधून गळ्यात मारला."

"मग काय करायचं?"

"तुम्ही एकट्याच साक्षीदार. आणि तुम्हीच खोटं बोललेल्या."

त्या डॉक्टरला बोलवायचं ठरलं, तर त्याची बदली झालेली. कुठं गेला ते कळेना. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, मला आठवत नाही. वर्षं गेली. आम्ही तारखेला जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. जाऊ कुबड्या टेकत जिना चढायची. जिन्यात थांबून दम घ्यायची आणि मला म्हणायची, "तू जर त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं ना, आक्का."

"तर तू फरशीवर मेली असतीस."

"मेले असते तर जिना तरी चढावा लागला नसता."

अशा आम्ही बोलायचो. बाजूचे लोक बघायचे. त्यांना वाटायचं, या दोघी भांडतात. आमचं बोलणं तसंच असतं.

माझ्या साक्षीची तारीख जवळ आली तेव्हा वकिलांनी फाइल माझ्याकडं दिली. म्हणाले, "मावशी, काय काय लिहिलंय ते घरी कुणाकडून वाचून घ्या." मी म्हटलं, "कुणाकडून कशाला? मला चौथीपर्यंत शाळा आहे."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

मी कोर्टाच्या व्हरांड्यातच बसले. इंग्रजी कागद बाजूला काढले. मराठी कागद राहिले. शाळेत आम्हाला बाईंनी शिकवलं होतं की अक्षरावर बोट ठेवायचं आणि कळल्याशिवाय बोट पुढं न्यायचं नाही. मी अजून तसंच वाचते. हवालदाराचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. त्यात कार्बनची प्रत. टेम्पोच्या पंचनाम्याचं पहिलं पान संपवायला मला तास लागला असेल. चाकं, काच, दिवा, नंबर. जाऊ कंटाळून बाकावर झोपली. दुसऱ्या पानाच्या खाली, सह्यांच्या वर, माझं बोट थांबलं.

"सदर वाहनाच्या डाव्या पुढील चाकाच्या आतील बाजूस, कमानपाट्यामध्ये, पालेभाजीची वाळलेली जुडी अडकलेली दिसून आली. सदर जुडी हिरव्या रंगाच्या, तांबड्या काठाच्या कापडी चिंधीने बांधलेली असून ती जप्त केली आहे."

मी जावेला हलवून उठवलं. "ऊठ. तुझ्या सासूचं लुगडं सापडलंय."

आता ते भांडण सांगते. बाजारात प्रत्येकाची जुडी बांधायची रीत असते. कुणी सुतळी वापरतं, कुणी केळीचं सोपट. आमच्या घरी कापडाची चिंधी. गिऱ्हाईक लांबून ओळखतं. अपघाताच्या आधी महिनाभर आमची सासू गेली होती. तिचं एक हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं, जुनं झालेलं. मी ते फाडून चिंध्या करायला घेतलं. कापड कामाला यावं म्हणून. जावेनं पाहिलं आणि ती अंगावर धावून आली. "सासूचा दहावा होऊन महिना नाय झाला आणि तिचं लुगडं मेथीला बांधतीस? लाज हाय का?" अर्धं लुगडं तिनं माझ्या हातातून ओढून नेलं आणि पेटीत कुलूप लावून ठेवलं. तिथून आमचं बोलणं बंद झालं होतं. उरलेल्या चिंध्या मी वापरल्या. आणि तिच्या पाटीतल्या जुड्याही त्या पहाटे मीच बांधल्या होत्या, कारण तिच्या हाताला काटा लागला होता. बोलत नव्हतो, पण जुड्या बांधून दिल्या. तेवढं आमच्यात चालायचं.

मी वकिलांना ते पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "मावशी, मी हे पान वाचलं नव्हतं."

"मला कळलं ते."

"ही चिंधी पोलिसांकडं असेल अजून?"

"ते तुम्ही विचारा. लुगडं आमच्याकडं आहे."

वकिलांनी अर्ज केला. पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत काय काय पडलेलं असतं देव जाणे, पण ते पाकीट सापडलं. लाखेचा शिक्का तसाच होता.

माझ्या साक्षीच्या दिवशी मी धुतलेली साडी नेसले, बाकी काही केलं नाही. विमा कंपनीचा वकील उंच होता, बोलायला गोड. त्यानं सुरुवातच तिथून केली.

"बाई, दवाखान्यात तुम्ही सांगितलं की बांधावरून पडली. बरोबर?"

"बरोबर."

"ते खरं होतं की खोटं?"

"खोटं."

त्याला वाटलं होतं मी वळसे घेईन. "म्हणजे डॉक्टरांसमोर तुम्ही खोटं बोललात."

"डॉक्टर नव्हते. कंपाउंडर होता. पण बोलले."

"का?"

"अपघात म्हटलं तर तो आत घेत नव्हता."

"मग आज तुम्ही खरं बोलताय हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

"माझ्यावरून मानू नका. जुडीवरून माना. मी खोटं बोलले, जुडीला कुणी शिकवलं?"

न्यायाधीश साहेबांनी वर बघितलं. तोवर ते लिहीत होते. "कसली जुडी?"

वकील साहेब उठायच्या आधीच मी सांगितलं, दुसरं पान, खाली, सह्यांच्या वर. साहेबांनी पान काढलं. विमा कंपनीच्या वकिलानंही काढलं. मला दिसलं की त्यानंही ते वाचलेलं नव्हतं. तिघं शिकलेली माणसं, आणि ते पान चौथी पास बाईनं वाचलं. मला त्याचा अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

पाकीट फोडलं. आत भाजीचा भुगा होता, तंबाखूसारखा, आणि त्यात चिंधी. गाठ अजून तशीच होती. माझी गाठ.

विमा कंपनीचा वकील म्हणाला, "साहेब, हिरवं कापड, तांबडा काठ. असली लुगडी गावोगावी हजारो बायका नेसतात."

हे तो बरोबर बोलला. मी मागं वळून जावेकडं बघितलं. ती बाकावरून उठली, कुबड्या काखेत धरल्या आणि पिशवीतून अर्धं लुगडं काढलं. शिपाई पुढं झाला तर त्याच्या हातात देईना. "मी देते," म्हणाली आणि स्वतः टेबलापर्यंत गेली.

मी म्हटलं, "साहेब, काठ उलटा करून बघा. आमची सासू कंजूष होती. काठ विरायला लागला तर तिनं गोणी शिवायच्या दोऱ्यानं तो आतून शिवला. पूर्ण लांबीभर. असं शिवणारी दुसरी बाई मी नाशकात बघितली नाही."

साहेबांनी चिंधी उलटी केली. जाड, पांढरा, गोणीचा दोरा. मग लुगडं उलटं केलं. तोच दोरा, तेवढ्याच लांबीचे टाके. सासूचे टाके एकदम वेडेवाकडे होते, पण वेडेवाकडेही सगळीकडं सारखे. साहेब दोन्ही घेऊन खिडकीशी गेले. उजेडात बराच वेळ बघत राहिले.

विमा कंपनीच्या वकिलानं शेवटचं विचारलं, "बाई, ही चिंधी तुम्ही नंतर टेम्पोत अडकवली नसेल कशावरून?"

मी म्हटलं, "तीन दिवस मी दवाखान्यात होते. टेम्पो तुमच्या माणसाच्या अंगणात होता, धुतलेला. चाकाच्या आत हात घालून कमानपाट्यात, त्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत, भाजी कुणी अडकवावी? आणि अडकवायचीच तर चांगली दिसेल अशी अडकवली असती."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी हसणाऱ्याकडं बघितलं, पण रागावले नाहीत.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. निकालात लिहिलं होतं की टेम्पोनंच अपघात केला. त्यात माझ्याबद्दलही एक ओळ होती, की साक्षीदारानं आपलं आधीचं बोलणं खोटं असल्याचं मान्य केलं आणि ते का बोललं हे सरळ सांगितलं. वकिलांनी ती ओळ मला दाखवली. मी बोट ठेवून वाचली. ती मला निकालापेक्षा जास्त आवडली.

भरपाई किती मिळाली ते मी सांगत नाही, तो तिचा पैसा. तिनं त्यातून पाय बसवून घेतला, वाफ्यात बसायला लाकडी चौरंग करून घेतला आणि चूल वेगळीच ठेवली. चूल विझली नाही. सणाला तेवढी माझ्याकडं जेवायला येते, तेही आमंत्रण दिलं तर. आणि ताटावर बसली की म्हणते, "आक्का, भाजीत मीठ जास्त पडलंय."

लुगड्याचा अर्धा भाग कोर्टानं परत दिला. चिंधी दिली नाही, ती फाइलमध्ये राहिली. एकदा मी जावेला म्हटलं, त्या लुगड्याचा एक तुकडा मला दे, जुडीला बांधत नाही, नुसता ठेवते. तिनं पेटीला कुलूप लावलं.

"तू फाडलंस म्हणून सापडलं," मी म्हणायला हवं होतं ते तीच म्हणाली. "आणि मी ठेवलं म्हणून जुळलं. आता निम्मं तुझं कोर्टात हाय आणि निम्मं माझं माझ्याकडं. वाटणी झाली."

आमचं वावर आता नाही. तिथं बिल्डिंग आहे, विटांची. जिथं आम्ही बसायचो तिथं बसथांबा आहे. तो ड्रायव्हर पुढं कुठल्याशा तापानं वारला, असं बाजारात ऐकलं. माझा नवराही गेला. वकीलसाहेब गेले.

माझी जाऊ जगली. मीही जगले.